उतरत्या उन्हाळ्यातील परसबाग

वैशाख सरत आला म्हणजे सायखेड्याच्या पुलावरून दिसणारी गोदावरी ओळखू येईनाशी होते. सन २०१६ व २०१९ च्या ऑगस्टात जिने गावात शिरून बाजारपेठ पाण्याखाली घातली, तीच ही नदी आता पाणवेलींच्या हिरव्या गोधडीखाली अंग चोरून पडलेली असते. वरच्या धरणांतून आवर्तन सुटले नाही आणि पाणी फारच उतरले, तर चांदोरीजवळ पात्रातील जुन्या देवळांचे दगडही उघडे पडतात. नदीकाठची ही अवस्था, मग काठापासून दूर असलेल्या वस्त्यांवरील घरांचे काय विचारावे! अशा दिवसांत घरामागील चार वाफे, एखादे लिंबाचे झाड आणि दारचा मोगरा जगवावा कसा, हा प्रश्न आमच्या विद्यार्थ्यांच्या घरी दरवर्षी उभा राहतो. त्याचे उत्तर आम्हांस जसजसे सापडत गेले तसे येथे मांडण्याचा विचार आहे. ते आम्हांस आमच्याच एका चुकीतून सापडले. म्हणून आरंभी ती चूकच सांगतो.

सन २०१२ च्या पावसाळ्याने महाराष्ट्राच्या पुष्कळ भागांस दगा दिला होता. त्याच्या पाठोपाठ आलेल्या उन्हाळ्यात आम्ही मोठ्या हौसेने मुलांकरिता सुट्टीतील परसबागेची स्पर्धा ठेविली. नियम अगदी सोपा होता. जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही घरोघर जाऊन पाहावयाचे आणि ज्याची बाग सर्वांत हिरवी त्यास बक्षीस द्यावयाचे. सायखेड्याबाहेरच्या एका वस्तीवर आठवीतील एका मुलाने अशी काही बाग राखली होती की, ती पाहून आमचे डोळे निवाले. भेंडी लागलेली, पालकाचा वाफा तुडुंब, मोगरा कळ्यांनी लवलेला. आम्ही तेथल्या तेथे त्याची पाठ थोपटली. त्याची थोरली बहीण ओसरीच्या खांबाशी उभी होती. आम्ही सहज विचारले, "काय गं, तूही मदत करतेस वाटते भावाला?"

ती म्हणाली, "सर, पाणी मीच आणते. घरचे सहा हंडे, आणि ह्याचे आठ."

"कोठून आणतेस?"

तिने शेताच्या पलीकडे एका कडुनिंबाकडे बोट दाखविले. विहीर त्याच्याही पलीकडे होती. पुढे बोलता बोलता कळले की, तिचा दहावीचा गणिताचा विषय राहिला आहे, पुरवणी परीक्षा द्यावयाची आहे, आणि पहाटेचा अभ्यासाचा वेळ हा असा विहिरीवर जातो.

हंडा बारा-तेरा लिटरांचा धरला तर आठ हंड्यांचे वजन शंभर किलो, म्हणजे पुरे एक क्विंटल होते. कांद्याच्या बाजारात एवढा माल हलवावयास हमाल लावतात आणि त्यास मजुरी देतात. येथे एक मुलगी रोज तेवढे ओझे डोक्यावरून वाहत होती, आणि बक्षिसाच्या कागदावर नाव भावाचे! त्या मुलाचा यात दोष नव्हता. बाग हिरवी दिसावी एवढेच आम्ही सांगितले होते. पाणी कोण आणतो हे आम्ही विचारलेच नव्हते. बक्षीस दिले खरे, परंतु त्या रात्री आम्हांस नीट झोप लागली नाही. पुढील वर्षापासून नियम बदलला. प्रत्येकाने बागेकरिता रोज बाहेरून किती हंडे पाणी आणले आणि ते कोणी आणले, हे वहीत लिहावे. आणि थोडक्यांत थोडक्या पाण्यात जो अधिक जगवील त्याची बाग उत्तम समजावी. हा नियम केल्यावर आम्हां शिक्षकांनाच नव्याने शिकावे लागले. आजवर आम्ही पाणी घालावयास शिकवीत होतो. आता ते राखावयास शिकवावयाचे होते.

प्रथम मातीकडे पाहू. निफाड तालुक्यातील काळी जमीन दख्खनच्या काळ्या पाषाणाची, म्हणजे बसॉल्टची, झीज होऊन बनलेली आहे. तिच्यातील चिकणमातीचे कण पाणी मिळताच फुगतात आणि वाळताच आकसतात. म्हणून पावसाळ्यात जी माती पायाचा जोडा ओढून घेते, तीच मे महिन्यात भेगाळून तोंड वासते. या भेगांनी दुहेरी नुकसान होते. आकसताना माती झाडाची बारीक मुळे तोडते. शिवाय भेगेच्या दोन्ही भिंती उघड्या पडल्यामुळे वीतभर, हातभर खोल राहिलेली ओलही उडून जाते. अशा जमिनीवर हंडा ओतला तर पाणी भेगेतून सरळ खाली जाते, मुळांच्या वाट्यास फारसे येत नाही, आणि घरातील माणसे म्हणतात की, बागेला कितीही पाणी घाला, पुरतच नाही.

यावर पहिला उपाय खुरप्याचा. वरची दोन बोटे माती हलक्या हाताने मोकळी करून ती भेगांत सारावी; जवळ जुने कुजलेले खत असल्यास तेही त्यात मिसळावे. मोकळ्या मातीचा हा पातळ थर झाकणासारखा काम करतो आणि खालची ओल वर चढू देत नाही. खुरपणी खोल करू नये; लिंबाच्या जातीच्या झाडांची अन्न शोषणारी मुळे फार वर असतात. हे काम सकाळी अर्ध्या तासात होते, त्यास पैसा लागत नाही, आणि पाण्याचा तर थेंबही लागत नाही.

दुसरा उपाय आच्छादनाचा. उघड्या मातीवर मे महिन्याच्या दुपारी अनवाणी पाय ठेवून पाहा, आणि मग झाडाखालच्या पाचोळ्यावर ठेवून पाहा. दोहोंतील फरक मुळांनाही तसाच जाणवतो. आमच्याकडे उसाचे पाचट, गव्हाचे भुसकट, कांद्याची वाळलेली पात, झाडलोटीचा पाला यांची वाण नाही. उलट पुष्कळ ठिकाणी ते पेटवून देतात. त्याचा चार बोटे जाड थर आळ्यात पसरावा. मात्र खोडाभोवती वीतभर जागा मोकळी सोडावी, नाहीतर खोड कुजते; आणि आठवड्यातून एकदा थर उचलून उधई लागली नाही ना, हे पाहावे.

पाणवेल वापरावी काय, असे मुले नेहमी विचारतात. ही वनस्पती मूळची दक्षिण अमेरिकेतील. तिच्या जांभळ्या फुलांच्या मोहाने लोकांनी ती देशोदेशी नेली आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती हिंदुस्थानात आली. शोभेसाठी आणलेल्या त्या पाहुणीने आज सायखेड्याच्या पुलाशी काय मांडले आहे, ते पुराच्या दिवसांत सर्वांनी पाहिले आहे. तिच्या अंगात बहुतेक पाणीच असल्यामुळे गाडीभर वेल वाळून पाटीभर होते. तरी आच्छादनास ती चांगली. परंतु शहराचे सांडपाणी ज्या पाण्यात येते त्यातील वेल विषारी धातूही शोषून घेते, आणि ते मुख्यतः तिच्या मुळांत साठतात. म्हणून मुळे तोडून टाकावी, पाने व देठ आठ दिवस कडक उन्हात वाळवावे, आणि ते फुलझाडांखाली पसरावे. भाजीच्या वाफ्यात मुळीच नको. आणि मुलांनी ती काढावयास एकट्याने नदीत उतरू नये; वेलींखाली पाणी किती खोल आहे हे वरून कळत नाही.

आता पाणी द्यावे केव्हा? दुपारी तीन वाजता झाडाने माना टाकलेल्या पाहून पुष्कळ जण तांब्या घेऊन धावतात. भर उन्हात पानांतून जेवढे पाणी उडते तेवढे मुळांस त्या वेळी पुरविता येत नाही, म्हणून पाने लवतात. सायंकाळी ती आपोआप सावरतात. झाड खरोखर तहानलेले आहे की नाही हे सूर्योदयाच्या वेळी पाहावे. रात्रभर विसावा मिळूनही पाने लोंबत असतील तर पाणी द्यावे. खात्री नसेल तर वीतभर खोलीवरची माती काढून मुठीत दाबावी. तिचा लाडू वळला तर आज पाणी नको. देताना मात्र पोटभर द्यावे. लिंबास रोज अर्धा हंडा शिंपडण्यापेक्षा आठवड्यातून एकदा चार हंडे द्यावे. पाणी जवळजवळ तेवढेच, पण रोजच्या शिंपडण्याने केवळ वरची दोन बोटे भिजतात आणि दुपारपर्यंत सुकतात, शिवाय मुळे पाण्याच्या आशेने वरवर येतात आणि भाजून निघतात.

आळ्याविषयी दोन शब्द अधिक लिहितो, कारण या बाबतीत आम्ही स्वतः ठेच खाल्ली आहे. आमच्या बिऱ्हाडाच्या मागे एक कागदी लिंबाचे झाड होते. आम्ही प्रेमाने रोज त्याच्या बुंध्याशीच पाणी ओतीत असू. तिसऱ्या वर्षी बुंध्यातून डिंक वाहू लागला, साल सुटली, आणि पावसाळा संपण्यापूर्वी झाड वाळले. यास डिंक्या रोग म्हणतात. त्याची बुरशी ओल्या मातीत वाढते आणि भिजलेल्या सालीतून आत शिरते. म्हणून लिंबूवर्गीय झाडांस दुहेरी आळे करितात. खोडाभोवती हातभर अंतरावर मातीचा एक बांध घालून आतली जागा कोरडी ठेवावी, आणि फांद्यांचा घेर जेथे संपतो तेथवर दुसरे आळे करून पाणी या दोहोंमध्ये द्यावे. पाणी पिणारी मुळे तेथेच असतात. बुंध्याशी काही तोंड नसते.

आता हंड्यांचा हिशेब. त्या वस्तीवरच्या घरी रोज सहा हंडे पाणी संसाराकरिता येत होते. पिण्याचे व स्वयंपाकात मुरणारे सोडले तर सुमारे चार हंडे मोरीतून वाहून उकिरड्याशी जिरत होते. म्हणजे बागेस लागणाऱ्या आठांपैकी चार हंडे घरात आधीच आलेले होते! तांदूळ व डाळ धुतलेले पाणी, भाजी निसल्यावरचे पाणी, भांड्यांचे व कपड्यांचे शेवटचे विसळणे, हे सर्व कोणत्याही झाडास निर्धास्त चालते. अंघोळीचे थोडे साबण असलेले पाणी केळ आणि अळू यांस द्यावे; आपल्या आज्या केळीचा खुंट न्हाणीच्या तोंडाशी लावीत असत तो उगाच नव्हे. मात्र कपडे धुण्याच्या पावडरीचे पहिले दाट पाणी बागेत सोडू नये. त्यात सोडियमचे क्षार असतात, आणि हा पदार्थ काळ्या मातीचा वैरी आहे. त्याने मातीचे कण एकमेकांपासून सुटून छिद्रे बुजतात, आणि जमीन ओली असता चिकट, वाळली की दगडासारखी, पाणी आत न घेणारी अशी होते. कोथिंबीर व पुदिना, जे आपण कच्चे खातो, त्यांस न्हाणीचे पाणी कधीच नको.

राहिले चार हंडे. त्यांतील तीन तर एकट्या पालकास लागत होते! येथे मन थोडे घट्ट करावे लागते. पालक, मेथी, चुका यांसारख्या पालेभाज्यांची मुळे वरवर असतात, त्यांस रोज पाणी लागते, आणि इतके करून मे महिन्यात त्या लवकर फुलोऱ्यावर येतात. त्या या दिवसांत लावू नयेत. लावल्या असतील तर काढून खाव्यात आणि वाफा मोकळा ठेवावा. जे झाड मेल्यास पुन्हा वाढविण्यास वर्षे लागतात त्याचा पाण्यावर पहिला हक्क. लिंबू, डाळिंब, पेरू, कढीपत्ता, नवे लावलेले आंब्याचे कलम यांची पंगत आधी. मोगरा, जास्वंद, गवती चहा मागाहून. शेवगा व सीताफळ एकदा रुजले की फारसे मागत नाहीत. उन्हाळ्यात रिकामा दिसणारा वाफा हा आळशीपणाचा पुरावा आहे असे आम्ही पूर्वी मानीत होतो, आणि आमच्या स्पर्धेचे गुण त्याप्रमाणेच देत होतो!

पुढील वर्षी त्याच मुलाने स्पर्धेत पुन्हा नाव दिले. बाग आदल्या वर्षीइतकी हिरवी नव्हती. अर्धे वाफे उघडे होते आणि बाकीच्यांवर पाचट पडले होते. पण लिंबाचे झाड, दोन डाळिंबे आणि मोगरा टवटवीत होते. वहीच्या पानावर त्याने लिहिले होते: "रोज दोन हंडे. मी आणतो." त्याची बहीण त्या वेळी घरी नव्हती. ती गणितात उत्तीर्ण होऊन अकरावीत गेली होती.

दोन हंड्यांत त्याचे कसे भागले याचे एक कारण जमिनीत पुरलेले होते. घरात जुने माठ असतातच. बिनचकाकीच्या मातीच्या भांड्यातून पाणी हळूहळू पाझरते. हवेत ठेवल्यास तेच पाझरलेले पाणी उडून माठ गार होतो, आणि मातीत पुरल्यास ते मुळांकडे जाते. भोवतालची माती जितकी कोरडी तितके ती अधिक ओढून घेते, ओली असली की पाझर मंदावतो. म्हणजे पाणी किती द्यावे हा विचार जणू मडकेच करिते. ही युक्ती फार जुनी आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी चीन देशात फान शेंग-ची याने लिहिलेल्या शेतीच्या ग्रंथात, खरबुजासारख्या वेलांच्या आळ्यात मधोमध मातीचे भांडे पुरून भोवती वेल लावण्याची रीत दिली आहे. आठ-दहा लिटरांचे मडके गळ्यापर्यंत पुरावे, कोवळ्या झाडापासून हातभर अंतरावर ठेवावे, आणि तोंडावर परळ झाकावा, म्हणजे डास अंडी घालणार नाहीत. दोन-तीन दिवसांनी झाकण उघडून पाहावे व कमी झाले असेल तेवढे भरावे. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी. पाणी गार करीत नाही म्हणून टाकून दिलेला माठ पुष्कळ वेळा येथेही उपयोगी पडत नाही, कारण क्षारांनी त्याची छिद्रे बुजलेली असतात. तो काथ्याने आतून-बाहेरून घासावा, पाण्याने भरून कोरड्या फरशीवर ठेवावा. काही तासांत बाहेरून घाम आला तर पुरावा, नाहीतर त्यात कोरफड लावावी.

जुने जगविणे एवढेच काम या दिवसांत असते असे नाही. पावसाळी वेलांचे खड्डे आताच खणावयाचे असतात. दोडका, कारली, दुधी यांस हातभर लांब-रुंद व खोल खड्डा पुरतो. नवे लिंबू लावावयाचे असल्यास दोन फुटांचा घ्यावा. खणलेली माती बाजूस पसरून खड्डा पंधरा दिवस उन्हात तापू द्यावा. त्या तापाने मातीतील किडींचे कोष व रोगट बुरशी पुष्कळ अंशी मरतात. जो ऊन एरवी आपला शत्रू वाटतो, त्याच्याकडून हे एक काम फुकट करून घ्यावे.

खड्ड्यात घालावयाचे खत पूर्ण कुजलेले हवे. उकिरड्यावरचे ताजे शेण घाईने घातले म्हणजे हुमणीस आमंत्रणच. ही पांढरी, जाड, वाकडी अळी मुळे खाऊन उभे झाड वाळविते. तिचे भुंगेरे वळवाचे पहिले पाऊस पडताच संध्याकाळी जमिनीतून निघून कडुनिंबावर व बाभळीवर जमतात, आणि पुढे जमिनीत अंडी घालतात. साडेसात ते साडेआठच्या सुमारास फांद्या हलवून खाली पडलेले भुंगेरे वेचावे आणि रॉकेल घातलेल्या पाण्याच्या डब्यात टाकावे. या कामास मुलांइतके उत्साही मजूर मिळणार नाहीत.

कुजलेले खत करण्याची जी रीत आज जगभर 'इंदूर पद्धत' म्हणून ओळखली जाते, ती आपल्या शेजारच्या इंदूर शहरी ठरली. सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी सन १९२४ ते १९३१ या काळात तेथील वनस्पतिसंशोधन संस्थेत काम केले, आणि यशवंत वाड यांच्यासह लिहिलेल्या सन १९३१ च्या ग्रंथात ती मांडली. घरच्या मानाने तिचे स्वरूप असे: वीतभर पालापाचोळा, त्यावर शेणकाल्याचा पातळ हात, मूठमूठ राख व माती, पुन्हा पाला, ओल पिळलेल्या फडक्याइतकी. साधारण पंधरा दिवसांनी, महिन्याने व दोन महिन्यांनी ढीग वरखाली करावा. तीन महिन्यांत खत तयार होते. म्हणजे जूनमध्ये खत हवे तर ढीग मार्चमध्ये रचावयास हवा. यंदा ज्यांनी रचला नसेल त्यांनी दुसऱ्याचे मुरलेले खत मागून आणावे. आपले कच्चे खत वापरू नये.

लिंबाच्या व इतर फळझाडांच्या खोडास पावसापूर्वी बोर्डो मलम लावण्याचेही हेच दिवस. द्राक्षांच्या या मुलखात बोर्डो हे नाव कोणास नवे नाही. पण त्याची गोष्ट मुलांना ठाऊक नसावी. फ्रान्समधील बोर्दो शहराच्या परिसरात रस्त्याकडेच्या द्राक्षांची चोरी होऊ नये म्हणून मळेवाले वेलींवर मोरचूद व चुना शिंपडीत. त्या वेली केवडा रोगातून वाचल्या, हे मिलार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नजरेस आले. त्याने प्रयोग केले आणि सन १८८५ मध्ये औषध जाहीर केले. घराकरिता १०० ग्रॅम मोरचूद व १०० ग्रॅम चांगला कळीचा चुना, प्रत्येकी अर्ध्या लिटर पाण्यात, निरनिराळ्या मातीच्या किंवा प्लॅस्टिकच्या भांड्यांत कालवावे; लोखंडी भांडे नको. मग दोन्ही एकदम तिसऱ्या भांड्यात ओतून ढवळावे. त्यात स्वच्छ लोखंडी खिळा बुडवून पाहावा. त्यावर तांबूस पुट चढले तर चुना आणखी हवा. हे मलम त्याच दिवशी जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत खोडास ब्रशाने लावावे. मोरचूद विषारी आहे; हे काम वडील माणसांनी करावे, मुलांनी पाहावे.

मिरचीचे रोपही मेच्या अखेरच्या पंधरवड्यात टाकावे. घरच्या बागेस चटईएवढा गादीवाफा पुरतो. तो वीतभर उंच करावा, बी ओळीत पेरून चाळलेल्या खताने झाकावे, आणि अंकुर दिसेपर्यंत वर काड पसरावे. अंकुर दिसताच काड काढावे, नाहीतर रोपे किरकिरी होतात. वाफ्यावर जुन्या विरलेल्या साडीचे कापड ताणून लावले तर ऊन सौम्य होते आणि बोकड्या रोग पसरविणाऱ्या किडीही दूर राहतात. सकाळी झारीने शिंपडलेले थोडे पाणी पुरते. पाच-सहा आठवड्यांत रोपे लावणीस येतात. तोवर पाऊस स्थिरावलेला असतो.

आणि तो स्थिरावेपर्यंत थांबणे, हे या दिवसांतील सर्वांत कठीण काम. रोहिणी लागते, एखाद्या सायंकाळी वावटळ उठते, वीज कडाडते, आणि वळवाची सर घराच्या पत्र्यावर ताशा वाजवून जाते. मातीचा वास सुटला की कोणाचे भान राहते! एके वर्षी आम्हीही अशाच एका सरीनंतर गवार व भेंडी पेरून मोकळे झालो. चौथ्या-पाचव्या दिवशी अंकुर आले. पुढे बारा दिवस आभाळात ढगाचा मागमूस नाही. उगवलेले सर्व करपले, आणि घरातले बी संपल्यामुळे दुसऱ्यांदा शेजारी मागावे लागले. आपला भाग सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे. इगतपुरीस जेवढा पाऊस कोसळतो त्याचा थोडासा अंशच निफाडच्या वाट्यास येतो, आणि तोही सरळ येत नाही. पेरणीपूर्वी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस व्हावा असे शेतीखाते शेतकऱ्यांस सांगते. परसबागेसही तोच नियम लावावा. मुलांनी सरळ उभ्या बाजूंचा एखादा पत्र्याचा डबा अंगणात उघड्यावर ठेवावा. प्रत्येक पावसानंतर पट्टी उभी धरून त्यातील पाणी मोजावे, आकडा भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहावा आणि डबा रिता करावा. बेरीज पाऊणशेवर गेली व माती वीतभर भिजली, म्हणजे बियांची पुडी सोडावी. आजोबा-आजी आभाळाकडे पाहून काय म्हणतात तेही शेजारी लिहून ठेवावे. कोणाचा अंदाज किती वेळा खरा ठरला हे शाळा उघडल्यावर पाहता येईल.

पाऊस लागला की आळ्यांचे बांध एका बाजूने फोडावे, म्हणजे पाणी तुंबणार नाही. पुरलेली मडकी वर काढून, धुऊन, पालथी घालून ओसरीवर ठेवावी. तशीच जमिनीत राहिली तर मातीच्या फुगण्याने ती तडकतात.